वास्तूंबरोबर त्यांचे पाणीही संरक्षित व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर या काळात जागतिक वारसा सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा यांची छायाचित्रे आपल्यासह सर्वच वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येतात, शाळांच्या सहली निघतात, व्याख्याने होतात. या सगळ्यात मराठवाड्यातील ऐतिहासिक वास्तूंच्या एका अंगाकडे मात्र कायम दुर्लक्ष होते, ते म्हणजे त्यांची पाण्याची व्यवस्था. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर या वास्तू पाहत फिरतो. वास्तू संरक्षित, पण तिला पाणी पुरवणारी नहर (जमिनीखालचा कालवा), बारव (पायऱ्यांची विहीर) किंवा डोंगरउतार बेवारस, अशी स्थिती जागोजागी दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या भागातला पाऊस लहरी. जमिनीखाली काळा पाषाण आणि सच्छिद्र मांजऱ्या दगड यांचे थर एकावर एक पसरलेले आहेत. पाषाणात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते भेगांतून आणि मांजऱ्याच्या थरांतून वाट काढत जाते. अशा मुलखात किल्ला, मंदिर किंवा शहर वसवायचे तर आधी पाण्याचा माग काढावा लागे आणि बांधकाम त्याच्या बेताने करावे लागे. म्हणूनच इथल्या अनेक वास्तूंत पाणी हा मागाहून केलेला बंदोबस्त नाही, मूळ आराखड्याचाच भाग आहे. बीडचे कंकालेश्वर मंदिर तर थेट जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे, आणि कुंडाशिवाय त्या मंदिराची रचना समजतच नाही.

याचे सर्वांत धाडसी उदाहरण नळदुर्गला पाहायला मिळते. बोरी नदीवर किल्ल्यातच एक भक्कम दगडी धरण बांधून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हे दोन्ही भाग जोडलेले आहेत, आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात हे काम झाले. धरणाच्या माथ्यावरून जिन्याने खाली उतरले की आपण भिंतीच्या आतल्या दालनांत येतो, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की खिडकीसमोर त्याचा पडदा कोसळत असतो, तरी आत बसलेला माणूस कोरडा राहतो. पर्यटक इथे छायाचित्रे काढतात आणि ती काढावीत अशीच जागा आहे. अभियंत्याची नजर मात्र दुसरीकडे जाते. असे धरण स्वतःच्या वजनाने पाण्याचा दाब पेलते, त्यामुळे त्याच्या पोटात पोकळी ठेवणे म्हणजे पेलणारे वजनच कमी करणे होय. आजच्या मोठ्या धरणांतही तपासणीसाठी बोगद्यासारखी मार्गिका ठेवतात, पण ती अरुंद ठेवतात आणि तिचा हिशोब काटेकोर करतात. इथे चारशे वर्षांपूर्वी कोणी तरी धरणाच्या भिंतीत राहण्याजोगी दालने काढली, त्यांना नक्षीदार महिरपी दिल्या आणि तरीही ती भिंत आजतागायत पुराला तोंड देत उभी आहे. ज्यांनी हा हिशोब केला त्यांच्याविषयी मनात आदर दाटून येतो.

नळदुर्गचे नर आणि मादी धबधबे वाहू लागल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात छापता. हे धबधबे कधी वाहणार हे आता वरच्या अंगाला बोरीवर झालेला मध्यम प्रकल्प भरून वाहतो की नाही यावर अवलंबून असते. प्रकल्प हवाच होता; त्यावर तिथली शेती आणि पिण्याचे पाणी अवलंबून आहे. परंतु किल्ला एका खात्याकडे आणि नदी दुसऱ्या खात्याकडे अशी वाटणी झाल्यावर या ऐतिहासिक धरणात किती गाळ साचला आहे, त्याच्या सांध्यांत झाडांची मुळे किती खोल गेली आहेत आणि पुराचा विसर्ग सोडताना त्या भिंतीवर किती दाब येतो, याची एकत्रित पाहणी नियमाने करणे ही कोणाची जबाबदारी, हे स्पष्ट असायला हवे.

दौलताबादच्या किल्ल्याबद्दल फार लिहित नाही; यादवांची देवगिरी, मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये तिथे नेलेली राजधानी आणि चाँद मिनार हे सर्वांना ठाऊक आहे. भारतमाता मंदिराशेजारच्या हत्ती हौदाकडे मात्र लोक एक नजर टाकून पुढे जातात. सुमारे एक कोटी लिटर पाणी मावेल एवढा हा हौद आहे. आसपासच्या डोंगरउतारांवरचे पाणी अडवून ते खापरी नळांनी किल्ल्यात आणले जाई. कातळात तासलेला खंदक आणि भुयारी अंधारी वाट यांनी शत्रूला रोखले, पण वेढा पडल्यावर आतली माणसे टिकून राहायची ती या पाण्यावर.

छत्रपती संभाजीनगर शहराची गोष्ट तर पाण्यापासूनच सुरू होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी बांधून काढली. हर्सूलच्या बाजूच्या भूगर्भातले पाणी जमिनीखालच्या चुनेगच्ची नळमार्गात गोळा करून, पंप किंवा रहाट न वापरता, केवळ उताराच्या जोरावर शहरातील हौदांपर्यंत पोहोचवणारी ही योजना होती. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत येणारे उभे झरोके ठेवले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि माणसाला आत उतरून गाळही काढता येई. कालव्याचे समपातळी मोजमाप करताना दुर्बिणीच्या यंत्रानेही चूक होते, हे मी नोकरीत वारंवार पाहिले आहे. त्या काळी काही मैलांवर इतका सौम्य आणि अखंड उतार साधणाऱ्यांचे कसब केवढे असेल, याची कल्पना यावरून यावी.

याच परंपरेतली पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगराकडून आलेले पाणी बंद नळातून एका उंच दगडी स्तंभात चढते आणि वरून हौदात कोसळते. नळ बंद असल्यामुळे उगमाच्या उंचीचा दाब कायम राहतो, म्हणून पाणी आपल्या पातळीकडे वर चढते. त्याच पाण्याच्या जोरावर चक्की फिरे आणि फकीर-वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. मोठ्या हौदाच्या तळाखाली खांबांवर उभारलेले दालन आहे. डोक्यावर पाणी आणि खाली उन्हाळ्यात गारवा. आजही नहरीचे पाणी येते, पण उन्हाळ्यात धार मंदावते. त्याचे कारण पाणचक्कीच्या आवारात शोधून सापडणार नाही. ते डोंगरापासून शहरापर्यंतच्या वाटेवर आहे: नव्या वसाहतींच्या पायांत, रस्त्याच्या खोदाईत, झरोक्यांवर टाकलेल्या स्लॅबमध्ये आणि उगमाजवळ घेतलेल्या खोल विंधन विहिरींत.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद झाली. मीटरमध्ये मोजलेले हे वर्तुळ इमारतीसाठी उपयोगी आहे. काही मैल लांबून येणाऱ्या नहरीला ते कसे पुरेल? वास्तूच्या दारात उभ्या राहिलेल्या टपरीवर कारवाई होऊ शकते, पण तिच्या पाण्याचा उगम कोणी पाच-सहा किलोमीटर दूर बुजवला तर तो या वर्तुळात बसत नाही. वास्तूचा जीव उगमापाशी आहे आणि संरक्षण मात्र फाटकापाशी थांबते, ही विसंगती दूर व्हायला हवी.

बारवांची परिस्थिती याहून वाईट, आणि अलीकडे काही ठिकाणी आशादायकही. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली, त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. चारठाण्याला मंदिरांच्या समूहाबरोबर पायऱ्यांची पुष्करणी आहे. अशा बारवांत उतरून पाहिले की देवकोष्ठे (मूर्तींसाठीचे कोनाडे), टप्प्याटप्प्याने आत येणाऱ्या पायऱ्या आणि चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले घडीव चिरे दिसतात. चिऱ्यांमधली ती बारीक फट म्हणजे कामातली उणीव नव्हे. मागच्या दगडगोट्यांच्या भरावातून गाळून आलेले भूजल त्याच फटीतून आत झिरपते, आणि पावसाळ्यात मागे दाब साठू नये म्हणूनही ती लागते.

आमच्या तालुक्यातील एका बारवेचे सुशोभीकरण झाले तेव्हा या फटी सिमेंटने बुजवून टाकल्या, वर रंगीत फरशा बसवल्या आणि कठड्याला तैलरंग दिला. पुढच्याच पावसाळ्यात एका बाजूची भिंत फुगली, मधले तीन-चार चिरे पुढे सरकले आणि झरा बंद झाल्यासारखे पाणी कमी झाले. काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. अंदाजपत्रक बनवणाऱ्याला बारव ही विहीर आहे एवढेच ठाऊक होते. जेसीबीने गाळ काढतानाही असेच होते. यंत्राचा दात पायरीला लागला की शतकानुशतके जागेवर बसलेला चिरा एका क्षणात हलतो, आणि तो पुन्हा तसाच बसवणारे पाथरवट आता फार थोडे उरले आहेत.

बीडची खजाना विहीर हे या ज्ञानाचे आणखी मोठे रूप आहे. निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली. जमिनीखालच्या दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या बोगद्यातून ते उताराने शेताकडे जाते. दुष्काळातही तिने दगा दिला नाही, असे बीडची जुनी माणसे अभिमानाने सांगतात. अशा विहिरीच्या आसपास बोअरवेल किती आणि किती खोल घ्यावेत, हा प्रश्न जेवढा भूजल खात्याचा तेवढाच पुरातत्त्व खात्याचाही आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण कोणीही विसरलेलो नाही. त्याच मराठवाड्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या या योजना कचऱ्याखाली गाडलेल्या असाव्यात, याचे मला मनापासून दुःख होते.

लेण्यांत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. अजिंठ्याला वाघोरा नदीच्या वळणावर आणि वेरूळला येळगंगेच्या धबधब्याकाठी लेणी खोदली गेली ती पाणी जवळ आहे म्हणूनच, पण छताच्या भेगांतून झिरपणारे पावसाचे पाणी अजिंठ्याच्या चित्रांचा जुना शत्रू आहे. तेव्हा लेण्यांच्या वरच्या पठारावर पाणी कसे वळते, तिथे चर, रस्ते किंवा बांधकामे कुठे होतात, हेही चित्रांच्या जतनाचेच काम मानले पाहिजे.

माझी शासनाला विनंती अशी आहे की केंद्रीय व राज्य पुरातत्त्व विभाग, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि जलसंपदा विभाग यांनी मराठवाड्यातील ऐतिहासिक जलव्यवस्थांचा एकत्र नकाशा तयार करून तो लोकांसाठी खुला करावा, आणि त्यात उगम, नळमार्ग, झरोके व हौद गटक्रमांकासह दाखवावेत. महापालिकेने रस्ता, गटार किंवा केबलच्या खोदाईला परवानगी देताना हा नकाशा पाहणे बंधनकारक करावे. बारवांची कामे गाळ काढण्याच्या सरसकट योजनांत टाकू नयेत. त्यांसाठी स्वतंत्र दरसूची असावी, तिच्यात चुना, घडीव दगड आणि हाताने उपसा यांचे दर असावेत, आणि सिमेंटने सांधे भरण्यास स्पष्ट मनाई असावी. आजच्या दरसूचीत सिमेंटचे काम सोपे पडते, म्हणून अंदाजपत्रकातही तेच येते. हे मी त्या खुर्चीवर बसून पाहिलेले आहे.

सर्वांत आधी आणि सर्वांत कमी खर्चात होण्यासारखे काम महसूल खात्याकडे आहे. नहर किंवा बारव ज्या गटातून जाते, त्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंद घालावी. जमीन घेणाऱ्याला ती नोंद दिसेल, बिगरशेती परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यालाही दिसेल, आणि झरोका बुजवल्यावर कानावर हात ठेवता येणार नाहीत. विभागीय आयुक्तांनी आठही जिल्हाधिकाऱ्यांना तसे परिपत्रक काढावे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी गावोगावच्या तलाठ्यांमार्फत या नोंदी पूर्ण करून घ्याव्यात, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे मी विनंती करतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
अंबाजोगाई, जि. बीड