गोंद गेला तर गेला, वाघ वाचू दे

ति. मावशींस, सा. न. वि. वि.

आभार मानायला घरी आलो की तुम्ही लगेच चहा टाकता, भडंगाची ताटली पुढे सरकवता, आणि विषय तिथंच बुडतो. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव लिहायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, ती पाळतो. मिरजेतल्या निवृत्त पोस्ट क्लार्क, एवढंच.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा घरच्यांनी रेशनकार्ड, सातबारा, आईच्या पाटल्या असं शहाण्यासारखं काय काय उचललं. मी आजोबांचा तिकिटांचा अल्बम आणि नाण्यांचा पत्र्याचा डबा उचलला. बोटीपर्यंत पोचताना पिशवी पाण्यात गेली. मिरजेच्या शाळेतल्या छावणीत ती मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तुम्ही भाकऱ्या वाटत आलात. "काय आहे त्यात?" म्हणालात. मी म्हटलं, "प्राणी आहेत." तुम्ही हसला नाहीत. पिशवीत डोकावलात आणि म्हणालात, "उद्यापर्यंत थांबलास तर बुरशी चढेल. चल घरी."

आजोबांनी नाणी-तिकिटं जमवली ती फक्त जनावरांची. राजे आणि पुढारी त्यांना नको असायचे. अल्बमच्या पहिल्या पानावर १९६३ ची वन्यजीवांची पाच तिकिटं होती: दहा नव्या पैशांचा गवा, पंधराचा तांबडा पंडा, तिसाचा हत्ती, पन्नासचा वाघ आणि रुपयाचा सिंह. सगळी मिळून दोन रुपये पाच पैसे. सांगलीच्या पोस्टात खिडकीवर घेतलेली, शिक्का न पडलेली, मागचा गोंद शाबूत. दाजीपूरचं जंगल पाहिलेले आजोबा गव्यावर फार खूश असत. वाघ सगळ्यांनाच आवडतो, म्हणायचे.

त्याच गोंदानं घात केला होता. पाचही तिकिटं पानाला घट्ट चिकटली होती. शिक्का पडलेल्या तिकिटांचं सोपं होतं, ती पाकिटावरून सुटताना एकदा भिजलेलीच असतात. या पाचांना सोडवायचं तर गोंद धुवून निघणार आणि संग्राहकांच्या बाजारात निम्मी किंमत तिथंच जाणार. मी घोटाळत राहिलो. तुम्ही परातीत कोमट पाणी ओतलंत आणि म्हणालात, "गोंद गेला तर गेला, वाघ वाचू दे."

मग तीन तास. पान पाण्यात तरंगत ठेवायचं आणि हात बांधून बसायचं. ओलं तिकीट ओढायचं नाही. कागद तिकिटापासून सोडवायचा, तिकीट कागदापासून नाही. हे वाक्य तुम्ही मला दहादा ऐकवलंत, तरी पंड्याच्या दातेरी कडेचे दोन दात माझ्याच घाईनं गेले. चिमट्यानं एकेक उचलून जुन्या मऊ धोतराच्या घडीत, वर टीपकागद, वर तुमचा सगळ्यात जाड पंचांगांचा गठ्ठा. वर्तमानपत्र का नाही, तर त्याची शाई ओल्या तिकिटावर उतरते. काऊंटरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे असले नियम पाठ असतात. आमच्यासारखे हौशी ते तिकीट फाटल्यावर शिकतात.

तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "चिंच आहे का? नाणी लख्ख करून देते." तुम्ही जवळजवळ ओरडलात. चिंचेनं तांबं-पितळ उजळतं, पण नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग जातो आणि बारीक रेघाही झिजतात. नाणी नुसत्या पाण्यात रात्रभर पडून राहिली. सकाळी गाळ आपोआप सुटला, तो न घासता ओतून दिला आणि मऊ कापडानं टिपून घेतलं. आई अजून म्हणते, चिंचेनं काही झालं नसतं.

त्या सकाळी नाणी ओळीनं मांडताना तुम्ही दाखवलंत ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. १९४७ ची निकेलची पावली, एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ. शेजारी १९८८ ची पंचवीस पैशांची पावली, तिच्यावर गेंडा. ती २०११ च्या ३० जूनला चलनातूनच गेली. त्यांच्या खाली १९५० चा घोड्याचा पैसा आणि कंगोरेदार कडांचा, बैलाचा एक आणा. तुम्ही खिशातून साधा रुपया काढलात, भिंग हातात दिलंत आणि म्हणालात, "सिंहांच्या पायाखाली बघ." चक्राच्या एका बाजूला धावणारा घोडा, दुसऱ्या बाजूला बैल. सारनाथच्या स्तंभशीर्षावरचे! पन्नास सालच्या पैशावर आणि आण्यावर तेच दोघं खाली उतरून आले होते. आजोबांनी आयुष्यभर जनावरांची नाणी धुंडाळली आणि ती रोज भाजीवाल्याला देत राहिले.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट तुम्ही त्याच ओघात सांगितलीत. बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, बोभाटा झाला, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड काढून द्यावी लागली. छावणीत परतताना आई आणि मी रस्ताभर त्यावर हसत होतो. घर अजून पाण्यात होतं.

पाचही तिकिटं वाचली. गव्याच्या पाठीवर गाळाची फिकट रेघ राहिली आहे. मागे एका व्यापाऱ्यानं ती बघून भाव निम्म्याहून खाली आणला. मी अल्बम मिटला. विकायचा नव्हताच, पण ऐकवत नाही हो.

निरोप घेताना तुम्ही तुमच्या डब्यातलं १९६२ चं गेंड्याचं तिकीट माझ्या हातावर ठेवलंत, पंधरा नव्या पैशांचं, वन्यजीव सप्ताहाचं. आजोबांकडे तेवढंच नव्हतं. ते गव्याच्या आधी लावलंय.

तुमचा चिमटाही माझ्याकडेच राहिला आहे. तो काही परत मिळायचा नाही. रविवारी येतो, भडंग चालेल.

आपला,
पिशवीवाला