‘आजोबांचा पाय कुठे गेला?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व आफ्रिकेतल्या लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण या विषयाला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं हीच मोठी गोष्ट आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र डोकं तापलं. रात्रभर थांबून आज हे पत्र लिहितो आहे.

आधी चित्राविषयी. खाली ‘न्यातिती वाजवणारा केनियन कलाकार’ असं छापलं आहे. न्यातिती हे केनियातलं तंतुवाद्य. चित्रातलं वाद्य मात्र ‘कोरा’ नावाचं आहे. मोठ्या भोपळ्याचा, एकवीस तारांचा कोरा माली, सेनेगल, गांबिया या भागातला. तिथून केनिया म्हणजे खंडाचं दुसरं टोक. सतारीवरच्या लेखात संतूर छापलं असतं तर दुपारपर्यंत आपल्या कार्यालयातला फोन खाली ठेवायला सवड मिळाली नसती. शिवाय कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘छायाचित्र : संग्रहित’. वाद्य चुकलं, देश चुकला आणि जो माणूस वाजवतो आहे त्याला नावच नाही. माझं सगळं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे.

लेखाचा सूर असा, की बाहेरून माणसं आली, यंत्रं घेऊन खेडोपाडी हिंडली आणि संगीत ‘वाचलं’. आफ्रिकाभर हिंडून लोकसंगीत मुद्रित करणाऱ्या ह्यू ट्रेसींच्या कामाबद्दल मला आदरच आहे. ५४ ट्यूनिंग फोर्कचा संच जवळ बाळगून गावोगावच्या वाद्यांचे सूर मोजणारा, २१० तबकड्यांची मालिका उभी करणारा माणूस थोरच. पण लेखकाने युगांडाची गोष्ट का गाळली? मे १९६६ मध्ये तिथले सत्ताधीश ओबोटे यांच्या सैन्याने कंपालातल्या, बुगांडा राज्याच्या राजवाड्यावर हल्ला केला. दरबारचे वादक पांगले, सुरात लावलेल्या ढोलांचा ‘एन्तेंगा’ गप्प झाला. त्याआधी संगीत संशोधक क्लाउस वाक्समान यांनी युगांडा म्युझियमसाठी त्या देशभर ध्वनिमुद्रण केलं होतं, हे खरं. पण वाक्समान यांच्या पाठीशी कोण होतं? एव्हारिस्टो मुयिंदा. दरबारचे वादक, नंतर त्याच म्युझियममध्ये वाद्यं वाजवून दाखवायचे. गेरहार्ड कुबिक यांच्यासारखे संशोधक अमादिंदा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य शिकले ते मुयिंदांच्याच हाताखाली. त्यांचं नाव अर्ध्या पानात एकदाही येत नाही. यंत्र धरणाऱ्याचं नाव येतं, वाजवणाऱ्याचं गळतं, आणि हे मी स्वतः भोगलं आहे.

१९८५ ते १९९१ मी पश्चिम केनियात, किसुमूजवळच्या उसाच्या पट्ट्यात एका साखर कारखान्यात शुगर केमिस्ट होतो. आमच्या एका पॅनमनचे (उसाचा रस उकळणाऱ्या कामगाराचे) चुलते जाथुम होते, म्हणजे लुओ लोकांचे न्यातिती वादक. कारखाना देखभालीसाठी बंद असला की मी माझा टेपरेकॉर्डर आणि चार सेल जादा घेऊन त्यांच्या गावी जायचो. (त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते छापण्याआधी घरच्यांना विचारायला हवं, आणि ते मी अजून केलेलं नाही.)

पहिल्या दिवसाचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. म्हातारबाबा ठेंगण्या स्टुलावर बसले. न्यातिती जमिनीवर आडवी टेकवलेली. लाकडी वाटी, वर गाईचं कातडं, आठ तारा. पूर्वी त्या जनावराच्या स्नायूंच्या असत, यांच्या नायलॉनच्या होत्या, मासेमारीच्या दोरीच्या. उजव्या पायाच्या अंगठ्यात लोखंडी कडं, त्याला ओदुओंगो म्हणतात. पायाला घुंगरं, ती गारा. दोन्ही हातांनी तारा छेडायच्या, तोंडाने गायचं आणि अंगठ्यातल्या कड्याने वाद्याच्या दांड्यावर ठोका द्यायचा. टक्, ट-टक्, टक्. सूर, ताल, गाणं, सगळा फड त्या एका माणसात. मी माईक तारांपाशी धरला होता. त्यांनी न बोलता माझं मनगट धरलं, माईक खाली पायाकडे नेला आणि मग हातभर मागे ओढला. कड्याचा ठोका, घुंगरं आणि गळा तिन्ही एकत्र ऐकू येतील अशी ती जागा होती. त्या टेपवरचा आवाज कसा असावा हे त्यांनी ठरवलं होतं, मी नाही.

थोड्या वेळाने गर्दीतला एक जण उठला, ओरडून काही बोलला आणि नाणं टाकलं. वादन थांबलं. त्याने स्वतःची आणि आपल्या दोस्ताची तारीफ सुनावली, बाबांनी ती उचलून गाण्यात गुंफली आणि वादन पुढे निघालं. याला पाक्रुओक म्हणतात. आपल्याकडे तमाशातली दौलतजादा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पैसे देणाऱ्याचं नाव गाण्यात यायचं, म्हणून एकेक गाणं अर्धा-अर्धा तास चालायचं. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. जुन्या मुद्रणांत या प्रकाराला जागा किती उरणार, ते कोणीही सांगेल. लेखात याचा उल्लेखही नाही.

माझीही पाळी आली. मी वीस शिलिंग दिले. बाबांनी पुतण्याकरवी माझ्या आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि मग गायले. माझी आई कोल्हापूर जिल्ह्याबाहेर फारशी कधी गेली नाही. तिचं नाव व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या त्या अंगणात, न्यातितीच्या ठेक्यावर, तीस-चाळीस माणसांपुढे गायलं गेलं. त्या वेळी टेप चालू होती.

अशा एकूण नऊ कॅसेटी झाल्या. प्रत्येकीच्या कार्डावर मी वादकाचं नाव, गाव, तारीख, प्रसंग आणि गाणं कोणासाठी गायलं ते लिहिलं होतं. दोन मयताची गाणी होती, त्यांत मेलेल्या माणसाचं नावही होतं. भारतात परतल्यावर १९९२ मध्ये नऊच्या नऊ कॅसेटी मी एका संग्रहसंस्थेकडे दिल्या. आमच्या घरच्या ओलीपेक्षा तिथलं कपाट बरं, एवढाच विचार केला.

२०१३ मध्ये बाबांच्या नातवाने मला फेसबुकवर शोधून काढलं. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि घरात त्यांचा आवाज कुठेच नव्हता. मी संस्थेत गेलो. वहीतली नोंद अशी : ‘आफ्रिकन लोकगीते. भाषा स्वाहिली. कलाकार अज्ञात.’ भाषा धोलुओ, म्हणजे लुओ लोकांची, होती. कलाकार मुळीच अज्ञात नव्हता, त्याचं नाव मी माझ्या हाताने ठळक अक्षरात लिहिलं होतं. एका पावसाळ्यात कार्डं भिजली म्हणून ती फेकून कॅसेटींना नव्या डब्या घातल्या, असं सांगण्यात आलं. फेकण्याआधी त्यावरचं उतरवून घ्यावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. नऊपैकी पाचांच्या फितीला बुरशी आली होती. चार चालल्या. दोन महिने खेटे घातल्यावर मला एक सीडी मिळाली, आवाज ‘स्वच्छ करून’.

मी ती तशीच नातवाला पाठवली. आधी स्वतः ऐकायला हवी होती. तीन दिवसांनी त्याचा एका ओळीचा निरोप आला : ‘आजोबांचा पाय कुठे गेला?’

ठोका नव्हता. घुंगरं नव्हती. स्वच्छ करणाऱ्याने कड्याची खटखट टेपमधला दोष समजून काढून टाकली होती. पाक्रुओकचे सगळे तुकडे ‘व्यत्यय’ म्हणून कापले होते, त्यांत माझी आईही गेली. उरलं ते तारांचं आणि गळ्याचं काहीतरी, जे त्या माणसाने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

संग्रहाच्या कामात हे चालत नाही, आणि हे काही माझं मत नव्हे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, शिफारस आहे की जतनाची प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची असावी आणि ती जशी वाजते तशीच उतरवावी, तिच्यात काही काढू नये, घालू नये. साफसफाई करायची तर दुसऱ्या प्रतीवर करा. एमपीथ्री ऐकायला ठीक, जतनाला नाही. ऐकणाऱ्याला कोणता आवाज कचरा वाटतो, यावर वादकाचा पाय राहणार की जाणार हे ठरता कामा नये.

माझी चूकही लिहितो. गावात एक प्रत मी ठेवली नाही. ‘तिथे कोणाकडे टेप आहे?’ असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे पिठाच्या गिरणीत, त्यांच्या पोशो मिलमध्ये, दिवसभर कॅसेट प्लेअर वाजत असायचा. एक कोरी कॅसेट खर्चून मी ते करू शकलो असतो. केलं नाही, याची टोचणी आजही आहे.

म्हणून ट्रेसींनी मुद्रित केलेल्या ‘चेमिरोचा’ या गाण्याची गोष्ट १९५० वर संपवल्याचा मला राग आला. केनियातल्या किप्सिगिस जमातीच्या मुलींनी गायलेल्या त्या गाण्याची गंमत लेखकाने छान रंगवली, पण पुढचं? ते मुद्रण गावाकडे परत जायला ६५ वर्षं लागली. २०१५च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रेसींच्या संग्रहालयाने आणि नैरोबीच्या केतेबुल म्युझिक या संगीतसंस्थेच्या मंडळींनी ते कापकाटेत भागात नेऊन लोकांना ऐकवलं. केतेबुलसारखे केनियन लोक स्वतः फिरतं ध्वनिमुद्रण घेऊन गावोगाव जातात, हे आजचं काम आहे. लेख वाचून असं वाटतं की तिकडे गाणारे आहेत आणि राखणारे सगळे बाहेरचे.

आणखी एक राहिलं, आणि ते तर मुंबईतलं. लेखात पूर्व आफ्रिकेच्या मुद्रणाची सुरुवात जणू पन्नाशीत झाली असं भासतं. १९०६ मध्येच जर्मन मानववंशशास्त्रज्ञ कार्ल वॉइले आवाज मुद्रित करायच्या मेणाच्या नळकांड्या घेऊन आजच्या दक्षिण टांझानियात फिरले होते. आणि १९२८ मध्ये झांजिबारची गायिका सिती बिंती साद आपल्या साथीदारांसह बोटीने मुंबईला आली आणि एचएमव्हीसाठी स्वाहिलीत तारब (तिकडच्या किनाऱ्यावरचा गायनप्रकार) गायली. गरीब घरची, मातीची भांडी विकणारी बाई. तिच्या तबकड्यांनी पूर्व किनाऱ्यावर धूम केली. मुंबईत घडलेली ही गोष्ट मुंबईहून निघणाऱ्या पुरवणीत एका ओळीलाही महाग व्हावी?

वाचकपत्रांचं सदर आठवड्यातून दोनच दिवस केल्यापासून अशी पत्रं कापून छापली जातात. मागच्या वेळी माझ्या पत्रातून गावाचं नावच उडवलं होतं. हे पत्र लांबलं आहे, कापावं लागेल हे समजतो. युगांडाचा मजकूर कापा, माझ्या चुकीचा कापा, पण पाय आणि ठोका यांच्याविषयीचा कापू नका.

येत्या रविवारी त्याच पानावर, चित्राच्याच आकारात, दुरुस्ती छापावी : चित्रातलं वाद्य कोरा असून ते पश्चिम आफ्रिकेतलं आहे, न्यातिती आठ तारांची असते आणि ती हातांइतकीच पायाने वाजते. चित्रातल्या वादकाचं नाव छायाचित्रकाराकडून मिळत असेल तर तेही छापावं. त्या चार कॅसेटी अजून संस्थेच्या कपाटात आहेत. काहीही न काढता त्या पुन्हा उतरवून द्याव्यात, असे दोन अर्ज मी केले, उत्तर नाही. तिसरा आज याच पत्राबरोबर टपालात टाकतो आहे. नातू अजून वाट पाहतो आहे.

आपला,
एक जुना वाचक,
कोल्हापूर