निविदापेटी गेली, दाखला राहिला : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून झाली. तिची पहिली वर्षे निविदापेटीच्या काळात गेली आणि शेवटची ई-निविदेच्या. दोन्ही पद्धती आतून पाहिल्या असल्यामुळे आपल्याला चार गोष्टी कळवाव्यात असे वाटले.

पेटीच्या काळात कोरे निविदा फॉर्म कार्यालयातून विकत घ्यावे लागत, आणि ते ‘संपले’ असे ऐकून परत फिरणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. शेवटच्या दिवशी पेटीपाशी कोण उभे आहे हे पाहूनच काही जण लिफाफा खिशात ठेवून चहाच्या टपरीकडे वळत. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळाने हा पहारा उठवला, हे मोठेच काम झाले. डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल असलेला माणूस आज नांदेडमध्ये बसून सिंधुदुर्गातल्या साकवासाठी निविदा भरू शकतो.

याचा परिणाम काय होतो, हे अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने भारत आणि इंडोनेशिया या दोन देशांतील सार्वजनिक कामांवरून तपासले असून तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडची कामे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील होती. ई-निविदेमुळे सरकारला पडणारी किंमत कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. मात्र बाहेरच्या भागातील ठेकेदारांना कामे मिळण्याचे प्रमाण वाढले आणि भारतातील रस्त्यांचा दर्जा सुधारला. आमच्या खात्यात मात्र यशाचे माप एकच असे : निविदा किती टक्के ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, गेली. वीस टक्के बिलो गेलेल्या कामाची टिपणी सादर करताना साहेबांचा चेहरा खुले, आणि त्या दरात खडी कोठून येणार हा प्रश्न माझ्यासारख्या साइटवरच्या माणसाकडे राही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. संगणकावर अडवता येत नाही म्हणून अडवणूक निविदेच्या अटींमध्ये सरकली आहे. त्यातली सर्वांत परिणामकारक अट म्हणजे स्थळ पाहणीचा दाखला. ठेकेदाराने जागा पाहून यावी, हे योग्यच आहे. परंतु पाहिल्याचा सही-शिक्क्याचा कागद उपअभियंत्याकडून आणून तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे निविदेच्या पात्रतेची कागदपत्रे असलेल्या भागात, जोडावा, असे म्हटले की निविदा कोण कोण भरणार आहे याची यादी मुदतीपूर्वीच कार्यालयात आपोआप तयार होते, आणि ती तिथून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. ज्याला दाखला द्यायचा नाही, त्याच्या वेळेला साहेब ‘दौऱ्यावर’ असतात. निविदा उघडेपर्यंत निविदाकार गुप्त राहावा यासाठी उभारलेली सारी यंत्रणा या एका कागदाने निकामी होते. डांबर मिश्रणाच्या प्लांटचे अंतर ठरवणाऱ्या अटीला निदान तांत्रिक कारण आहे, कारण मिश्रण वाटेत थंड होता कामा नये. या दाखल्याला तसे कोणतेही कारण मला माझ्या नोकरीत सापडले नाही.

दुसरी वाट तुकड्यांची. ई-निविदेची मर्यादा तीन लाखांची होती, म्हणजे त्यावरच्या कामालाच ई-निविदा लागे, तेव्हा एकाच रस्त्याची दोन लाख अठ्ठ्याण्णव हजारांची तीन-तीन अंदाजपत्रके झालेली मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींवर माझीही सही आहे, हे येथे लपवत नाही. पुढे मर्यादा वाढली, तशी अंदाजपत्रकेही वाढली.

तिसरी गोष्ट तीन निविदांची. किमान तीन निविदा आल्या की स्पर्धा झाली असे कागद मानतो. त्या तिन्ही एकाच टेबलावरून भरल्या गेल्या काय, हे सहसा कोणी विचारत नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत झाल्याचा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये निविदाकारांना दंड केला. लक्षात घेण्याजोगे असे की, त्या प्रकरणात आयोगाकडे गेली ती एक नागरिक संस्था होती. एवढ्या मोठ्या शहरात ही स्थिती असेल, तर पाच-सात हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीसाठी आयोगाचे दार कोण ठोठावणार?

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, कागदी स्थळ पाहणी दाखल्याची अट ग्रामविकास विभागाच्या सर्व कामांतून एका शासन निर्णयाने काढून टाकावी आणि त्याऐवजी ‘मी जागा पाहिली आहे’ हे निविदाकाराचे स्वतःचे घोषणापत्र पुरेसे मानावे. तांत्रिक लिफाफ्यात कोणाला कोणत्या कारणाने अपात्र ठरवले, हे कामनिहाय आणि अधिकाऱ्याच्या पदनामासह सर्वांना शोधता येईल असे प्रसिद्ध व्हावे. मर्यादेच्या किंचित खाली असलेल्या कामांची गावनिहाय यादी दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावी; एकाच रस्त्याचे तुकडे गावकऱ्यांना लेखापरीक्षकाच्या आधी ओळखू येतात.

आणि कार्यारंभ आदेशानंतर जो पडदा पडतो, तो उचलावा. निविदा जाहीर असते, पण सुधारित अंदाजपत्रक, मुदतवाढ आणि मोजमाप पुस्तिका पाहायची तर माहिती अधिकाराचा अर्ज करून थांबावे लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती शासनाने आपणहून द्यायची आहे. ज्या संकेतस्थळावर निविदा दिसते, त्याच संकेतस्थळावर त्या कामाचे शेवटचे देयकही दिसावे, एवढी व्यवस्था आपल्या कारकिर्दीत व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त शाखा अभियंता