तांबडा पायाकडे कसा?

महोदय,

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर लोलकाचे, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या त्रिकोणी काचेचे, चित्र आले आहे. टोक वर, पाया खाली, डावीकडून तिरका शिरणारा पांढरा किरण आणि उजवीकडे 'तानापिहिनिपाजा'. फक्त तांबडा पायाकडे आणि जांभळा वर! पान उलटे धरूनही पाहिले. लोलकही उलटतो, चूक तशीच राहते. लोलकातून जाताना किरण पायाच्या बाजूला वळतो आणि सर्वांत जास्त वळतो तो जांभळा. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते त्याचे माप, तांबड्यासाठी सुमारे १.५१, जांभळ्यासाठी १.५३. फरक एवढासाच, पण क्रम त्यानेच ठरतो. शिवाय चित्रात काचेच्या आत किरण पांढराच ठेवला आहे. प्रत्यक्षात तो आत शिरतानाच फाकू लागतो, बाहेर पडताना आणखी फाकतो.

मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. हे चित्र फळ्यावर बरोबर काढत असे, पण प्रयोगात पहिल्याच वर्षी फजिती झाली. खिडकीला काळा कागद लावून बोटभर रुंदीचे भोक पाडले, उन्हात लोलक धरला आणि वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा. उमटला पांढरा ठिपका! एका कडेला तांबूस-पिवळी किनार, दुसऱ्या कडेला निळी-जांभळी. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, हिरवा कुठाय?" मला उत्तर देता आले नाही.

घरी कागदावर आकडे मांडले तेव्हा उलगडले. प्रत्येक रंगाचा ठिपका वेगळा पडतो, पण साठ अंशांच्या लोलकातून निघालेल्या तांबड्या-जांभळ्यात जेमतेम दीड अंशाचे अंतर असते. वीतभरावर सगळे ठिपके एकमेकांवर चढलेले, त्यामुळे मधोमध रंग मिसळून पुन्हा पांढरे. दुसऱ्या दिवशी भोक बारीक केले, पुठ्ठा काढला आणि प्रकाश थेट वर्गाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊ दिला. पाच-सहा मीटरवर हिरवा आला. त्या मुलीने त्यावर बोट ठेवून पाहिले.

न्यूटनच्या १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रातही भिंत २२ फुटांवर असल्याचा उल्लेख आहे; तिथे रंगांचा पट्टा रुंदीच्या सुमारे पाचपट लांब पडला होता. आपल्याकडच्या चित्रांत मात्र लोलकापासून दोन बोटांवर सातही रंग सुटे!

चूक दुरुस्त करून चित्र पुन्हा छापावे, आणि लोलकापासून भिंतीपर्यंतचे अंतरही त्यावर लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका