दादा, चाक उघडण्याआधी हे वाच

ओशकोश, विस्कॉन्सिन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोरांच्या घरी बांधलेल्या विमानाच्या चाकांचे फोटो मिळाले. टायरच्या बाजूला भेगा पडल्यात आणि ब्रेकच्या डिस्कवर ग्रीसचा ओघळ दिसतोय, म्हणजे बेअरिंगचं सीलही गेलंय. टायर आणि सील बदलायचं काम तुझ्या गॅरेजमध्ये होण्यासारखं आहे. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहून पाठवतो. पोरांनाही वाचायला दे.

रिम बजाज चेतक स्कूटरसारखी दोन भागांची आहे, मधून बोल्ट घालून आवळलेली. पण चेतकच्या आत ट्यूब होती. इथे ट्यूब नाही, त्यामुळे दोन भागांच्या सांध्यातून हवा जाऊ नये म्हणून खाचेत एक मोठी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बसवलेली असते. ट्यूबलेस टायर नवा घालूनही रात्रीत बसला, तर दोष बहुतेक वेळा टायरचा नसतो. तो या ओ-रिंगेचा, बीड (टायरची रिमवर बसणारी जाड कड) टेकते त्या जागेचा नाहीतर व्हॉल्व्हचा असतो.

सगळ्यात आधी हवा. चाक काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोड, मगच पिन काढून घे आणि हवा पूर्ण गेल्याची खात्री कर. नुसती पिन दाबून फुस्स झालं की झालं, असं मानायचं नाही. हवा असताना सांध्याचे बोल्ट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो. तुला हे माहीत आहे, पण पोरांना माहीत नसेल. एक्सलचा मोठा नट आणि सांध्याचे बोल्ट यांतला फरक त्यांना हात लावून दाखव.

विमान उचलताना दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लाव. जॅक एक्सलखाली किंवा चाकाच्या पायाला दिलेल्या जागी लावायचा, ब्रेकखाली नाही. कॅलिपरची, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या ब्रेकच्या भागाची, मागची प्लेट दोन बोल्टांवर असते. ती काढली की कॅलिपर सरकून बाहेर येतो. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. मग स्प्लिट पिन, नट, चाक बाहेर.

बीड रिमला चिकटलेली असते. इथे टायर लिव्हर आणि स्क्रू ड्रायव्हर कपाटात ठेव. रिम ॲल्युमिनियमची, काही चाकांत मॅग्नेशियमची असते. बीडच्या जागेवर एक ओरखडा पडला की तिथून हवा जायला वाट झाली. दोन्ही हातांनी, नाहीतर लाकडाच्या रुंद फळीवर भार देऊन, थोडं थोडं फिरवत दाब. सुटल्यावरच बोल्ट काढ. काही चाकांत ब्रेकची डिस्कही याच बोल्टांवर बसते, म्हणून कुठला वॉशर कुठे होता त्याचा फोटो आधी काढून ठेव.

आता खरा वेळ जिथे द्यायचा ते. जुनी ओ-रिंग बांबूच्या काडीने किंवा प्लास्टिकने उचल, सुईने नाही. खाच, सांध्याची दोन्ही तोंडं आणि बीडच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पूस. मग नखाने चाचपून बघ. पांढरी पूड, खड्डा, ओरखडा सापडला तर तिथेच थांब आणि मला फोटो पाठव. पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली कड दिसायला छान दिसते, पण तिचं माप गेलेलं असतं. नवी ओ-रिंग ताणायची नाही, पिळ पडू द्यायचा नाही. चाकाच्या कंपनीने सांगितलेलं ग्रीस बोटावर घेऊन नुसती ओलसर कर. सांध्यात सिलिकॉनचा गोंद भरायचा नाही. तो बाजूला पसरून ओ-रिंगला खाचेत नीट बसू देत नाही आणि पुढच्या वेळी खरवडत बसावं लागतं. व्हॉल्व्हच्या बुडाला रबर किंवा छोटी ओ-रिंग असते, तीही आत्ताच बदल.

टायरवर लाल ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ट्यूबलेसमध्ये तो व्हॉल्व्हसमोर आणायचा. बीडला साबणाचं पातळ पाणी चालेल, पण ते ओ-रिंगेच्या खाचेत जाऊ देऊ नका. दोन्ही भाग जोडताना हाताने दाबून सगळीकडे सारखे टेकलेत का बघ, मगच नट लाव. नुसते बोल्ट आवळून भाग जवळ आणायला गेलास तर ओ-रिंग चिमटते.

टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, आकडा चाकाच्या पाटीवर असतो आणि बोल्ट कोरडा की तेल लावून हेही तिथेच लिहिलेलं असतं. घोटाळा इथेच होतो. आकडा बहुधा इंच-पौंडात असतो. ९० इंच-पौंड म्हणजे जेमतेम १० न्यूटन मीटर. तोच आकडा फूट-पौंड समजून आवळलात तर बारापट ताण पडतो आणि बोल्ट ताणला जातो. समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ब्रेकजवळ नायलॉनचे लॉकनट नकोत, त्यांची मर्यादा सुमारे १२० अंश सेल्सिअस आहे. तिथे पूर्ण धातूचेच लॉकनट हवेत.

हवा भरताना नळीला चिमट्याचा चक, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप धरून ठेवणारं तोंड, लाव, टायरच्या बाजूला उभं राहू नका, पुढे किंवा मागे राहा. बीड धरत नसेल तर टायरच्या मधोमध पट्टा आवळून बाहेर ढकल. पेट्रोल शिंपडून काडी लावायची ट्रकवाल्यांची युक्ती इथे अजिबात नको. दाब विमानाच्या पुस्तकातलाच घ्यायचा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी नसेल तर ती चालते, नाहीतर नायट्रोजन बरा. पाणी आत गेलं की रिम आतून खराब होते.

मग चाक टबात बुडव. बोल्टांच्या डोक्यापाशी बुडबुडे आले तर मधली ओ-रिंग, कडेला आले तर बीड, व्हॉल्व्हपाशी आले तर पिन किंवा बूड. पण टायरच्या बाजूला रंगीत ठिपके असतात, तिथून बुडबुडे आले तर घाबरू नकोस. टायरच्या थरांत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून कंपनीने तिथे भोकं ठेवलेली असतात. ती बुजवायची नाहीत. नवा टायर पहिल्या १२ ते २४ तासांत थोडा ताणला जातो आणि दाब ५ ते १० टक्के उतरतो. तेवढी हवा भरून पुन्हा २४ तास ठेव. त्यानंतर ५ टक्क्यांहून जास्त उतरला तर गळती आहे. तापमान ३ अंशांनी बदललं की दाब साधारण १ टक्का बदलतो, म्हणून सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी जुळवू नकोस.

बेअरिंगचं तुला वेगळं सांगायला नको. फक्त धुतल्यावर हवेच्या झोताने गरगर फिरवू देऊ नको पोरांना. आधी कुठलं ग्रीस होतं ते विचार. विमानाची बरीच ग्रीसं मातीच्या आधाराची असतात, त्यात गाडीचं लिथियमचं ग्रीस मिसळलं तर पातळ होऊन सीलमधून वाहतं, आणि डिस्कवरचा ओघळ कदाचित त्याचाच असेल. ग्रीस लागलेलं ब्रेकचं लायनिंग धुऊन उपयोग नाही, नवं घ्या. सीलचं ओठ कुठल्या बाजूला होतं ते काढण्यापूर्वी बघून ठेव, तसंच बसव. नमद्याचं सील असेल तर आधी पातळ तेलात भिजव. एक्सलचा नट चाक फिरवत आवळ, जड वाटलं की सैल कर, मग खेळ जाईपर्यंतच घे आणि स्प्लिट पिन नवी घाल. नव्या रबरी सीलने चाक थोडं घासत फिरतं, तो जडपणा बेअरिंगचा समजून नट सैल सोडू नकोस.

इथे अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची देखभाल कोणीही करू शकतो, वार्षिक तपासणी मात्र परवानाधारकच करतो. तिकडचा नियम पोरांनी डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक खात्याकडून विचारून घ्यावा, आणि केलेलं काम तारखेसह विमानाच्या नोंदवहीत लिहावं.

ओ-रिंग जुनी मापून सांगलीत मिळवू नकोस. वापरलेली रिंग चपटी झालेली असते, माप चुकतं. चाकाच्या पाटीचा जवळून फोटो पाठव, नंबर बघून दोन्ही चाकांच्या ओ-रिंगा, सीलं आणि व्हॉल्व्हची रबरं इथून पाठवतो.

आईला आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू