विषय: मागच्या ब्रेक पॅडच्या खोक्यातलं चुकीचं पत्रक आणि ‘जोर लावा’ हा सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

तुमच्या हेल्पलाइनवरचा चौथा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. मागच्या चाकांच्या डिस्क ब्रेक पॅडचा सेट, गाडी १७ वर्षांची, तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच. पॅडबद्दल माझी तक्रार नाही. खोक्यातलं पत्रक आणि तुमच्या माणसाचा सल्ला मी ऐकला असता, तर आज माझा हँडब्रेक निकामी झाला असता, त्याबद्दल आहे.

पत्रकात लिहिलंय, ‘सी-क्लॅम्प लावून पिस्टन पूर्ण आत दाबा.’ माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना पॅड रेटणारा हा दट्ट्या शिकंज्याने असा नुसता दाबलेला चालतो. पण तुम्ही मागचे पॅड विकलेत, आणि खोक्यावरच्या यादीत माझ्या गाडीचं मॉडेल तुम्हीच छापलंय. या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या, आतच आहे. तिथला पिस्टन आट्यांवर चालतो, दाब देत देत फिरवला तरच आत जातो. नुसता रेटला तर आतली यंत्रणा मोडते. ब्रेकचे भाग बनवणाऱ्यांना हे मी सांगावं लागतंय.

पिस्टन हलेना, म्हणून फोन केला. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चाक काढलेलं, ब्रेक ऑइलच्या होजवर वजन येऊ नये म्हणून कॅलिपर तारेने टांगलेला. तेव्हाचं बोलणं जसंच्या तसं देते.

“पिस्टन दाबायचा की फिरवायचा?”

“मॅडम, पत्रकात काय लिहिलंय?”

“दाबा.”

“मग दाबा.”

“तो जात नाहीये.”

“जोर लावा.”

मी सांगितलं की पिस्टनच्या तोंडावर खाचा आहेत, फिरवायचं हत्यार बसावं म्हणून असतात तशा. पलीकडे काही वेळ शांतता. मग प्रश्न आला, “गाडी किती वर्षांची?” मी म्हटलं, सतरा. “मग गंजला असेल. कोणाला तरी मदतीला घ्या आणि जोर लावा.” वरिष्ठांशी बोलायचंय म्हटल्यावर दहा-बारा मिनिटं ताटकळत ठेवलं. परत तोच आवाज. “सरांना विचारलं. सर म्हणाले, जोर लावा.”

एका गॅरेजवाल्याने पिस्टन फिरवायचं हत्यार दिलं. पाच मिनिटांत पिस्टन आत गेला. गंज कुठेही नव्हता. तुमच्याच आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटा खुंट आहे, तो पिस्टनच्या खाचेत बसावा म्हणून पिस्टन जरा मागेपुढे करून खाच जुळवावी लागली. पत्रकात खुंटाचा उल्लेखही नाही. तो खाचेत बसला नाही तर पॅड तिरका राहतो आणि एकाच बाजूने झिजतो. मग वर्षभराने तेच गिऱ्हाईक तुमच्या पॅडला नावं ठेवणार.

पत्रकाची पहिली ओळ, ‘हँडब्रेक ओढून गाडी जॅकवर घ्या.’ मागचे पॅड बदलताना हँडब्रेक ओढला तर तो तेच पॅड डिस्कवर आवळून धरतो, मग कॅलिपर निघणार कसा? हँडब्रेक सोडायचा, पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीला हात घालायचा नाही, हे कुठेच नाही. घोडी हा शब्दच पत्रकात नाही.

शेवटची ओळ वाचून मला खरोखर भीती वाटली. ‘चाक बसवा, नट आवळा.’ संपलं. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल थेट तळाला जातं. गाडी जागेवर असतानाच पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, मग ब्रेक ऑइलची पातळी बघायची. मला हे ठाऊक होतं. पहिल्यांदाच पॅड बदलणारा माणूस पत्रकावर विश्वास ठेवून गाडी सुरू करेल आणि समोर कोणीतरी उभं असेल.

गाडी जुनी असल्याचं चारही फोनवर ऐकवलं गेलं. नव्या गाड्या वॉरंटीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. सुटे पॅड आणून घरी बदलणारे आम्ही जुन्या गाडीवालेच असतो. मी आजवर तीन वेळा तुमचेच पॅड घेतले, दुसऱ्यांना सुचवले. आता कोणाला सुचवताना जीभ अडखळेल. पिस्टन फिरवायचा असतो, ही एक ओळ छापायला काय लागतं?

दुसऱ्या फोनवर पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती. मला पैसे नकोत. त्या यादीतल्या ज्या ज्या गाड्यांना मागे फिरवायचा पिस्टन आहे, त्यांच्यासाठी वेगळं पत्रक छापा. दुकानात गेलेली खोकी परत मागवा किंवा त्यांवर सूचना चिकटवा. काय केलं ते १५ दिवसांत लेखी कळवा. पत्रकाचे फोटो आणि चारही फोनच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. उत्तर आलं नाही तर हीच कागदपत्रं घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन.

पाचवा फोन मी करणार नाही. तुमच्याकडून करायचा असेल, तर ज्याने स्वतःच्या हाताने एकदा तरी मागचा कॅलिपर उघडलाय अशा माणसाला करायला सांगा.

तुमची आजवरची ग्राहक