नाना, तो बांध राहू द्या

वोई, केनिया
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

ती. नाना आणि माय यांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. कळण्याची भाकरी मिळत नाही एवढंच, बाकी खाण्यापिण्याचे हाल नाहीत.

नाना, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की संक्रांतीनंतर यंत्र बोलावून नाल्याकडचा बांध सपाट करायचा. मी गप्प बसलो. फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितो.

इथली माती गेरूसारखी लाल. हत्ती ती अंगावर उडवतात, तर तेही लालच दिसतात. गेल्या महिन्यात ठिबकच्या मेन लाइनसाठी चारी खोदत होतो. एका म्हाताऱ्या मजुराने एकदम माझा हात धरला. "बुईबुई!" म्हणाला. स्वाहिलीत कोळ्याला बुईबुई म्हणतात. किनाऱ्याकडच्या बायका घालतात त्या काळ्या बुरख्यालाही तेच नाव. गवताच्या बुडाशी चहाच्या कपाच्या तोंडाएवढं बीळ होतं, आतून रेशमाचं अस्तर लावलेलं.

रात्री बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर परत गेलो. (माय म्हणेल, "तठे कसाले जास रे?") बिळाच्या तोंडाशी ती बसलेली. तांब्याच्या जुन्या हंड्याचा असतो तसा रंग, अंगावर मखमली लव, पाय पसरले तर माझा पंजा झाकला जाईल. मागचे दोन पाय चांगले जाड आणि थोडे वाकलेले, जमीन उकरायला केलेले. म्हाताऱ्याने गवताची काडी नुसती जवळ नेली, तर पुढचे पाय उचलून ती उभीच राहिली. आणि आवाज! तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा. तोंडाने नाही काढत, पाय एकमेकांवर घासून काढते. काडी बाजूला केली तरी कितीतरी वेळ तशीच उभी होती.

हिला इंग्रजीत किंग बबून स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव पेलिनोबियस म्युटिकस. केनिया आणि टांझानियाच्या गवताळ माळावरची ही. 1885 साली शास्त्रात नोंद झाली. चावली तर भयंकर दुखतं, पण आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. किडे, झुरळं, दुसरे कोळी खाते. नर लहान आणि थोड्या आयुष्याचा. पावसाळ्यात मादी शोधत हिंडतो आणि मग लवकरच मरतो. मादी मात्र वीस-वीस वर्षं जगते, आणि वाढते अगदी सावकाश. असं बीळ एकदा यंत्राखाली गेलं की तेवढी मोठी मादी पुन्हा दिसायला एक पिढी जावी लागते. त्यात परदेशात पाळायला विकण्यासाठी लोक त्या खणून नेतात.

साहेबांना विचारून मी चारी सहा फूट बाजूने नेली. दोन एल्बो आणि थोडा पाइप जास्त लागला.

त्या रात्री मला आपला बांध आठवला. बोरीखालच्या बिळांत मी काड्या घालायचो आणि तुम्ही ओरडायचात. ते लांडगा कोळी, नाना. जाळं विणत नाहीत, रात्री जमिनीवर धावून शिकार करतात. निंदणीच्या वेळी मायच्या पायाशी एक पळाली होती, पाठीवर बारीक पिलांचा गठ्ठा घेऊन. माय दचकून विळा टाकून उठली होती, आठवतं? कपाशीतले तुडतुडे, बारक्या अळ्या हेच खातात. दर हंगामात आपण फवारणीवर एवढा पैसा घालतो, आणि फुकट राबणाऱ्यांचं घर मोडायला यंत्राला भाडं द्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय तो बांध पहिल्या मोठ्या पावसात माती धरून ठेवतो, हे तुम्हीच मला शिकवलंय.

सगळा नको, बोरीपासून नाल्यापर्यंतचा तुकडा तेवढा राहू द्या. तिथे तणनाशकही मारू नका. कपाशीच्या दोन ओळी कमी येतील, त्यांचे पैसे मी दर वर्षी पाठवीन.

मोठ्या मायला दंडवत सांगा. तिचा गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमचा,
भाऊ